‘कटी सार्क’ जळालं कसं आणि वाचलं कसं: दुरुस्तीतल्या एका जहाजाचं प्रकरण

२१ मे २००७ च्या पहाटे, सोमवारी, लंडनमधल्या ग्रिनिच इथे सुक्या गोदीत, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या गोदीत, उभं असलेलं ‘कटी सार्क’ हे शिडाचं जहाज पेटलं. अग्निशमन दलाला वर्दी मिळाली ती पावणेपाचच्या सुमाराला. आठ बंब आले आणि साडेसहापर्यंत आग आटोक्यात आली. तोवर ज्वाळांची चित्रं जगभरच्या दूरचित्रवाणीवर झळकली होती आणि ती पाहणाऱ्या बहुतेकांनी जहाज संपलं असंच धरलं. चहाच्या शर्यतींत धावलेलं १८६९ सालचं हे जहाज त्या वेळी दुरुस्तीसाठीच उघडलेलं होतं. काम सुरू होऊन जेमतेम सहा महिने झाले होते.

जहाज संपलं नव्हतं. पाच वर्षांनी ते पुन्हा लोकांसाठी खुलं झालं आणि आज ग्रिनिचला गेलात तर तिकीट काढून त्याच्या डेकवर चढता येतं. म्हणून या प्रकरणात प्रश्न दोन. आग लागली कशी, हा पहिला. त्याचं बरंचसं उत्तर तपासात मिळालं. जहाज वाचलं कसं, हा दुसरा, आणि मला तो जास्त कामाचा वाटतो. कारण जहाज वाचवणारे बहुतेक निर्णय आगीचा विचार मनात नसताना घेतलेले होते, आणि जहाज पेटलं तेही आगीशी काही संबंध नसलेल्या एका साध्या कामातून.

जहाज

‘कटी सार्क’ची जन्मवेळच चुकली. सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ ला खुला झाला आणि हे जहाज पाच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनला पाण्यात उतरलं. चीनमधला नव्या हंगामाचा चहा सगळ्यांआधी लंडनला पोचवायचा, एवढ्यासाठी ते बांधलं होतं. कालव्यातून आगबोटी जाऊ लागल्या. शिडाच्या जहाजाला तो रस्ता सोयीचा नव्हता, त्याला आफ्रिकेला वळसा घालणं भाग होतं. मालक जॉक विलिस यांनी ज्या कारखान्याला काम दिलं होतं, त्या स्कॉट अँड लिंटनचं दिवाळंही बांधणी पुरी व्हायच्या आतच निघालं. उरलेलं काम डेनी बंधूंनी केलं.

चहाचा धंदा काही वर्षांतच हातचा गेला. मग मिळेल तो माल, आणि १८८३ पासून ऑस्ट्रेलियाची लोकर. नाव झालं ते लोकरीवर. १८८५ मध्ये कॅप्टन रिचर्ड वुडगेट यांनी ते सिडनीहून लंडनला ७३ दिवसांत आणलं. १८९५ ला विलिसनी ते एका पोर्तुगीज कंपनीला विकलं. तिथे नाव बदललं, १९१६ मध्ये वादळात डोलकाठ्या गेल्या, आणि बाकीच्या जुन्या शिडाच्या जहाजांसारखं हेही कुठेतरी मोडीत निघायचं. पण १९२२ मध्ये कॅप्टन विल्फ्रेड डाउमन यांनी ते पाहिलं. डाउमन तरुणपणी जहाजावर शिकाऊ उमेदवार असताना त्यांच्या जहाजाला मागे टाकून जाताना त्यांनी ‘कटी सार्क’ पाहिलं होतं. ३,७५० पौंड मोजून त्यांनी ते विकत घेतलं, फाल्मथला नेलं आणि शिडं-दोरखंड पुन्हा मूळच्यासारखे चढवले. जुन्या नावेवर जीव जडलेली माणसं आपल्या किनाऱ्यावरही आहेत. खर्च आणि मिळकत यांचा मेळ त्यांच्या वहीत कधीच बसत नाही. डाउमन त्यातलेच. त्यांच्या मागे पत्नीने १९३८ मध्ये जहाज नौकानयनाच्या एका प्रशिक्षण महाविद्यालयाला दिलं. १९५४ मध्ये ते ग्रिनिचच्या खास बांधलेल्या सुक्या गोदीत आलं आणि १९५७ मध्ये लोकांसाठी उघडलं.

आगीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्याची बांधणी. ते पूर्ण लाकडी नाही आणि पूर्ण लोखंडीही नाही. बरगड्या, तुळया, आडवे-तिरपे पट्टे असा सांगाडा घडीव लोखंडाचा. त्यावर बोल्टांनी बसवलेल्या लाकडी फळ्या, पाण्याच्या रेषेवर सागाच्या, खाली रॉक एल्म या कठीण लाकडाच्या. लोखंडामुळे आत मालाला जागा जास्त मिळे. लाकडामुळे तळाला पितळी पत्रा ठोकता येई आणि शेवाळ, शंख-शिंपले चिकटत नसत. साग टिकाऊ असतोच; मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतंय. पण लोखंड, पितळ आणि खारं पाणी एकत्र आलं की विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो. शंभराहून जास्त वर्षं तो चालू होता. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तपासणीत निष्पन्न झालं की हात लावला नाही, तर काही वर्षांत जहाज लोकांना आत सोडण्याजोगं राहणार नाही.

दुरुस्ती

नोव्हेंबर २००६ मध्ये अंदाजे अडीच कोटी पौंडांचं काम सुरू झालं. लोखंडात मुरलेले क्षार विजेच्या साहाय्याने बाहेर काढायचे, मग रंगलेप द्यायचा, असा बेत होता. त्यासाठी फळ्या लोखंडापासून सुट्या करणं भाग होतं. फळ्या उतरवायला लागल्या, म्हणून डोलकाठ्या, डेकवरच्या खोल्या, नाळेवरची (जहाजाच्या पुढच्या टोकावरची) पुतळी, सुकाणूची सामग्री, सगळंच उतरवून क्रमांक घालून दुसरीकडे ठेवलं. बरंचसं सामान चॅटमच्या जुन्या नौदल गोदीत गेलं. आग लागली तेव्हा जहाजाचं निम्म्याच्या आसपास लाकूड जहाजावर नव्हतंच.

गोदीत उरला होता तो सांगाडा, उरलेल्या फळ्या, आतले डेक, आणि वरून कामासाठी घातलेलं छप्पर. त्याच्या जोडीला कुठल्याही दुरुस्तीत असतं ते सगळं: लाकडाची धूळ, भुसा, तात्पुरती वीज, यंत्रं. दिवसा कामगारांची वर्दळ, रात्री आणि शनिवार-रविवारी सामसूम.

तपास

पहिला संशय गेला घातपाताकडे. जागा रहदारीची, जहाज प्रसिद्ध, वेळ पहाटेची. आगीच्या सुमारास जवळून निघून गेलेल्या एका रुपेरी मोटारीबद्दल पोलिसांनी लोकांना माहिती विचारली. तो धागा कुठे पोचला नाही.

पोलीस, अग्निशमन दल आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांचा एकत्र तपास सोळा महिने चालला. ३० सप्टेंबर २००८ ला निष्कर्ष जाहीर झाला. मुद्दाम आग लावल्याचा पुरावा नव्हता. सर्वांत संभाव्य कारण म्हणून पुढे आला तो कचरा-धूळ ओढायला आणलेला मोठा, कारखान्यात वापरतात तसला व्हॅक्यूम क्लीनर. तो शनिवार-रविवारभर चालूच राहिला होता आणि त्यात विजेचा बिघाड झाला असावा. आग लागण्याआधी जवळजवळ ४८ तास तो फिरत होता.

‘सर्वांत संभाव्य’ हे शब्द जपून वाचायला हवेत. आग आपला पुरावा स्वतःच खाते. जिथून ती सुरू होते तिथेच ती सर्वांत जास्त वेळ जळते. न्यायालयात टिकेल असा शंभर टक्के निर्वाळा अशा प्रकरणांत क्वचितच मिळतो. पण यंत्र म्हणून पाहिलं तर निष्कर्ष पटण्यासारखा आहे. अशा अनेक यंत्रांच्या मोटरीत कार्बनचे ब्रश असतात, ते घासून झिजतात आणि ठिणग्या पाडतात. मोटर थंड राहते हवेच्या प्रवाहावर. गाळणी धुळीने तुंबली की तो प्रवाह मंदावतो. दिवसातून तासभर चालवण्याचं यंत्र दोन दिवस अखंड फिरलं, आणि त्याच्या पोटात बारीक लाकडी धूळ असली, तर जळायला लागतं ते सगळं एकाच डब्यात जमलेलं असतं.

कुणीतरी काम संपवून घरी गेलं. त्या माणसाचं नाव कळून आपल्याला काही मिळणार नाही. ज्या जागी अडीच कोटी पौंडांचं काम चालू आहे, तिथे शेवटच्या माणसाने मुख्य स्विच पाडायचा, आणि तो पाडला की नाही हे दुसऱ्या कुणीतरी पाहायचं, एवढी साधी साखळी असती तर त्या दिवशीची विसराविसर त्याच दिवशी संपली असती. सगळी यंत्रं एका मुख्य स्विचवर आणि रात्री लागणारे दिवे, पंप, आगीचा इशारा देणारी यंत्रणा वेगळ्या जोडणीवर, ही रचना खर्चिक नाही. तात्पुरत्या वायरिंगमध्ये ती क्वचित दिसते, कारण वायरिंग ‘तात्पुरतं’ आहे ना!

काय गेलं, काय राहिलं

सकाळी धूर निवळला तेव्हा आतले डेक जळून कोसळले होते. त्यातलं बरंच लाकूड विसाव्या शतकात, जहाज प्रदर्शनासाठी सजवताना घातलेलं होतं. मूळ बांधणीतल्या लाकडाचं नुकसान त्या मानाने थोडं. फळ्या बाहेरून काळवंडल्या होत्या, पण जाड सागाची फळी लगेच जळून जात नाही. वर कोळशाचा थर धरतो आणि आतल्या लाकडाला काही काळ सांभाळतो.

खरी भीती लोखंडाची होती. पोलाद ५५० ते ६०० अंश सेल्सियसच्या आसपास निम्मी ताकद गमावतं, आणि घडीव लोखंडाचंही काही फार वेगळं नाही. बरगड्या वाकल्या असत्या तर जहाजाचा घाट गेला असता, आणि घाट म्हणजेच ते जहाज. फळी नवी करता येते, हर्क्युलीस लिंटन यांनी आखलेली वळणं पुन्हा आणता येत नाहीत. सांगाडा थोड्या ठिकाणी वाकला, पण उभा राहिला.

का राहिला? जळायला लाकूड निम्मंच होतं, हे पहिलं कारण. डोलकाठ्या उतरवलेल्या होत्या, म्हणून वरून कोसळायला काही नव्हतं. आणि जहाज सुक्या गोदीत टेकूंवर होतं, म्हणून बंबांनी मारलेल्या पाण्याने ते बुडण्याचा किंवा कलंडण्याचा प्रश्न आला नाही. या तिसऱ्या कारणाची किंमत नंतर सांगतो. पहिल्या दोन गोष्टी गंज काढण्यासाठी केलेल्या होत्या, तिसरी तर १९५४ पासूनची. तरी त्यांनी आगीच्या दिवशी जे काम केलं ते आग विझवायच्या कुठल्याही नळकांड्याने केलं नसतं: जळू शकेल असं शक्य तितकं आधीच तिथून हलवलेलं होतं.

पुढे पैसा उभा करणं अवघड गेलं. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या निधीने भर घातली, सॅमी ओफर या जहाज उद्योजकाने तेहतीस लाख पौंड दिले. २५ एप्रिल २०१२ ला एलिझाबेथ राणीच्या हस्ते जहाज पुन्हा खुलं झालं तोवर खर्च पाच कोटींच्या घरात गेला होता. वाढलेला सगळा खर्च आगीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. योजना वाढली, जहाज तीन मीटरहून जास्त उचलून पोलादी टेकूंवर तोललं आणि भोवती काचेचं छत घातलं. त्या काचेवरून वास्तुरचनेच्या टीकाकारांनी त्या वर्षीचा सर्वांत कुरूप इमारतीचा ‘कार्बंकल कप’ही दिला. तो वाद मला निम्मा पटतो, पण इथे तो अवांतर. जहाजाच्या कवचाच्या, म्हणजे सांगाडा आणि फळ्यांच्या, बांधणीतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग आजही व्हिक्टोरिया राणीच्या काळातला आहे, हे इथे महत्त्वाचं.

दुरुस्तीतली जहाजं का जळतात

हे एकटंदुकटं प्रकरण असतं तर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. दुरुस्तीला लागलेलं जहाज समुद्रावरच्या जहाजापेक्षा आगीला जास्त सोपं असतं, असं म्हणायला भरपूर आधार आहे.

९ फेब्रुवारी १९४२. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ‘नॉर्मंडी’ हे त्या काळातलं सर्वांत देखणं प्रवासी जहाज सैन्य वाहून नेण्यासाठी बदललं जात होतं. दिवाणखान्यात लोखंड कापताना उडालेल्या ठिणग्या कपॉकने, म्हणजे सावरीच्या कापसाने, भरलेल्या जीवरक्षक जाकिटांच्या ढिगावर पडल्या. जहाजाची स्वतःची आग विझवण्याची यंत्रणा त्या वेळी जोडलेली नव्हती, आणि फ्रेंच बनावटीच्या तोट्यांना न्यूयॉर्कच्या बंबांचे पाइप बसेनात. मग बंबांनी वरून पाणी मारलं, इतकं की जहाज एका कुशीवर झुकू लागलं. जहाजाचे आराखडे ज्यांनी काढले ते व्लादिमीर युर्केविच धक्क्यावर धावत आले होते. तळाच्या झडपा उघडून जहाज सरळ चिखलात बसू द्या, असं ते सांगत होते. त्यांचं कुणी ऐकलं नाही. मध्यरात्र उलटून गेल्यावर जहाज आडवं झालं. आग विझली होती, जहाज पाण्याने गेलं. तरंगत्या नावेवर पाणी मारताना ते बाहेर काढायची सोयही बरोबरीने हवी, ती यासाठी.

१२ जुलै २०२० ला सॅन डिएगोत अमेरिकी नौदलाचं ‘बॉनॉम रिशार’ पेटलं आणि चार दिवसांहून जास्त जळत राहिलं. तेही दुरुस्तीत होतं. आग मुद्दाम लावल्याचा आरोप एका नौसैनिकावर झाला, तो निर्दोष सुटला. चौकशीत जे दिसलं ते आरोपापेक्षा गंभीर होतं. जहाजावरच्या आग विझवण्याच्या ठिकाणांपैकी ८७ टक्के दुरुस्तीसाठी बंद होती. फेस सोडणारी यंत्रणा एका कळीवर सुरू झाली असती, पण ती कुणी दाबली नाही. अब्जावधी डॉलरचं जहाज भंगारात गेलं.

समुद्रावर जहाजात माणसं राहतात. जळल्याचा वास आला की कुणीतरी उठतं, कारण खाली समुद्र आहे. दुरुस्तीत जहाज कुणाचंच नसतं: लाकूडकाम करणाऱ्याला वाटतं वायर वीजवाल्याची, वीजवाल्याला वाटतं भुसा सुताराचा. दारं बंद होत नाहीत, कारण त्यांतून केबल आणि नळ्या गेलेल्या असतात. त्यामुळे धूर आणि आग एका खणातून दुसऱ्यात बिनदिक्कत जातात. आणि नेमकी इशारा देणारी आणि विझवणारी यंत्रणाच ‘काम चालू आहे’ म्हणून बंद केलेली असते.

आपल्या किनाऱ्यावर

कोकणात हा धोका वर्षातल्या ठरावीक दिवसांत एकवटतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नौका ओढून वर घेतात, झापांनी किंवा प्लास्टिकच्या ताडपत्रीने शाकारतात, आणि मग इंजिन उघडणं, फळ्या बदलणं, फायबर मारणं, रंग, जोडकाम सगळं त्या बंदिस्त आडोशाखाली चालतं. पाऊस आत येऊ नये म्हणून बांधलेली ताडपत्री वाफाही बाहेर जाऊ देत नाही. नारळी पौर्णिमेआधी नाव पाण्यात जायला हवी, म्हणून शेवटच्या आठवड्यात घाई असते आणि रात्रीचंही काम निघतं. ग्रिनिचची परिस्थिती याहून फार वेगळी नव्हती, फक्त रक्कम मोठी होती.

लाकडी नावेच्या दुरुस्तीतला सर्वांत कमी ओळखला जाणारा धोका चिंध्यांचा. जवसाच्या तेलाने पुसलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावताना गरम होतं, बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि काही तासांनी चिंधी आपोआप पेटते. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. उपाय सोपा: चिंध्या पसरून एकेक वाळत घालायच्या, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवायच्या. पोत्यात कोंबायच्या नाहीत.

फायबरचं काम करणाऱ्यांचा धोका याच्या शेजारचा. रेझिनमध्ये (फायबरवर लावायच्या चिकट द्रावात) ते घट्ट करणारा हार्डनर जास्त पडला आणि मिश्रण भांड्यात तसंच उरलं, तर ते तापतं, धुमसतं, कधी पेटतंही. उरलेलं मिश्रण पसरट थाळीत ओतून उघड्यावर ठेवावं. आणि हार्डनर व कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा पदार्थ) कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, त्यांचा स्फोट होतो; कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचा, हार्डनर नंतर. जुन्या कारागिरांना हे ठाऊक असतं. नव्या पोराला बाटल्या आणायला पाठवताना मात्र सांगायचं राहून जातं.

वेल्डिंगबद्दल एकच गोष्ट, पण ती पाळली जात नाही. काम थांबल्यावर तिथे माणूस बसवायचा. पूर्वी अर्धा तास पुरे समजत. आता आंतरराष्ट्रीय नियमावल्या निदान एक तास सांगतात. पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला काय आहे हेही त्यानेच पाहायचं, कारण ठिणगी न उडताही तापलेला पत्रा मागचं लाकूड धुमसवतो. संध्याकाळी सहाला वेल्डिंग आणि सव्वासहाला घरी, हे टाळायचं असेल तर असलं काम सकाळीच उरकावं.

धुमसण्यावरून मुंबईची आठवण येणं अपरिहार्य आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’वर कापसाच्या गाठी धुमसत होत्या, आणि त्याच जहाजात जवळजवळ १,४०० टन स्फोटकं होती. दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले. विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान त्यात गेले. आपण १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतो तो त्यांच्यासाठी. ते जहाज दुरुस्तीत नव्हतं, पण दोन गोष्टी एका जागी का ठेवायच्या नाहीत हे त्याहून स्पष्ट कुणी दाखवलेलं नाही.

पाण्यात उतरल्यावरचे धोके निराळे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. सिलिंडर गळला तर गॅस तळात साचतो आणि वरून वास येईलच असं नाही. म्हणून सिलिंडर डेकवर, उघड्यावर, आणि चहा झाला की रेग्युलेटर बंद. पेट्रोलच्या वाफाही खालीच बसतात. आतल्या बाजूला पेट्रोल इंजिन असेल तर सुरू करण्याआधी तळाचा पंखा चार मिनिटं चालवण्याची शिस्त जगभर आहे. बॅटरी चार्ज होताना निघणारा हायड्रोजन उलट वर चढतो, तेव्हा बॅटरीच्या खोक्याला वरच्या बाजूने झरोका हवा. डिझेल त्या मानाने गरीब, पण बारीक भोकातून दाबाने उडालेला त्याचा फवारा तापलेल्या एग्झॉस्टवर पडला की तेही भडकतं. त्यासाठी एग्झॉस्टला वेष्टण, आणि रबरी नळ्या भेगाळण्याआधी बदलणं. बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज असावा. फ्यूज लांब असेल तर तोवरची वायर उघड्यावरच म्हणायची.

आणि जाळी. १९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री विशाखापट्टणमच्या मासेमारी बंदरात एका नौकेला लागलेली आग ४० च्या आसपास यांत्रिक नौकांपर्यंत पोचली. पोलिसांच्या तपासानुसार सुरुवात नायलॉनच्या जाळ्यावर पडलेल्या जळत्या सिगारेटने झाली. नौका एकीला एक लावून बांधलेल्या, टाक्यांत डिझेल, आत सिलिंडर. पेटलेल्या नौकेचे दोर सोडून ती दूर ढकलली, तर वाऱ्याने आणि प्रवाहाने ती परत धक्क्याकडे आली. आंध्र सरकारने नुकसानीच्या ८० टक्के भरपाई जाहीर केली. २८ फेब्रुवारी २०२५ ला अलिबागजवळ अक्षीच्या समुद्रात एक मासेमारी नौका पेटली. खलाशी सगळे वाचले, नौका बहुतेक जळाली. भरसमुद्रात तुमची नौका एकटी असते, जेटीला मात्र तुमची आग शेजाऱ्याचीही असते. दोन-चार रांगांनंतर मोकळा पट्टा सोडणं, आणि पेटलेली नौका ओढून प्रवाहाच्या खालच्या बाजूला न्यायला एक बोट कायम तयार ठेवणं, हे काम एकट्या तांडेलाचं, म्हणजे नौका चालवणाऱ्याचं, नाही, मच्छीमार सोसायटीचं आहे.

रात्रीच्या पहाऱ्याबद्दल शंका असेल तर कॅलिफोर्नियाच्या ‘कन्सेप्शन’ या, समुद्रात बुडी मारायला येणाऱ्या पर्यटकांच्या नौकेचं उदाहरण पुरे. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे खालच्या खणात झोपलेली ३४ माणसं गेली. फिरता पहारा नव्हता. आग कशाने लागली ते सिद्ध झालं नाही, पण वर बऱ्याच बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या. मोबाइल, टॉर्च, जीपीएसच्या लिथियम बॅटऱ्या माणसं झोपलेली असताना चार्जिंगला लावू नयेत.

आता विझवण्याचं. नौकेवर पावडरची नळकांडी असतात, पण ती बहुधा इंजिनाच्या खणातच टांगलेली, म्हणजे आग लागली की हाताला न येणारी. ती सुकाणूजवळ आणि झोपायच्या जागेच्या दाराशी हवीत. इंजिनाच्या खणातून धूर आला की झाकण उघडून आत डोकावण्याची हाताला सवय असते. झाकण उघडलं की हवा आत जाते आणि धुमसणारी आग भडकते. इंजिन बंद, डिझेलचा कॉक बाहेरून बंद, हवेचे झरोके बंद, झाकण तसंच. यासाठी झाकणाला मुठीएवढं भोक पाडून त्यावर फिरकीचं टोपण बसवतात. टोपण सरकवून नळकांड्याची नळी आत घालायची आणि सगळी पावडर किंवा वायू खणात सोडून द्यायचा. पावसाळ्यात झाकण रंगवायला उतरवलेलंच असतं. सुताराकडून तेव्हाच ते भोक पाडून घ्यावं, आणि आपल्या नळकांड्याची नळी त्यातून जाते का हे नाव पाण्यात सोडण्याआधी एकदा घालून पाहावं.